खाचेत जेवढं आहे तेवढं

जुन्या ध्वनिमुद्रिकांचा आवाज सुधारण्याचं काम मी करते असं कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठलं सॉफ्टवेअर वापरता? विचारणाऱ्याची चूक नाही. टकटक काढणारी, हिस कमी करणारी साधनं आता कुणाच्याही लॅपटॉपवर चालतात आणि पडद्यावर ती काम करताना दिसतात, त्यामुळे सगळं काम तिथेच होत असेल असं वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीचा आवाज जेवढा सुधारतो, त्यातला मोठा हिस्सा ती संगणकात शिरण्याआधीच सुधारलेला असतो: प्रत निवडताना, धुताना, सुई लावताना, वेग ठरवताना. त्यानंतर उरतं ते मुख्यतः हात आवरण्याचं काम.

इतक्या काळजीचं कारण आहे. अल्लादिया खाँसाहेबांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. भास्करबुवा बखल्यांचंही नाही. त्यांच्या गाण्याबद्दल आपण वाचतो, शिष्यपरंपरेतून अंदाज बांधतो आणि तिथेच थांबतो. ज्यांनी ध्वनिमुद्रण केलं, त्या पिढीचं गाणंही बहुतेक तीन-सव्वातीन मिनिटांच्या बाजूंमधून आपल्यापर्यंत आलं आहे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या आयुष्यभराच्या साधनेतलं आपल्या हाती आहे ते मुख्यतः तबकड्यांवरचं. एवढ्याशा साठ्यातला एक श्वाससुद्धा आपल्या हलगर्जीपणाने जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. त्या वाटण्यातून जे शिकले, ते इथे क्रमाने मांडते.

१. आधी चांगली प्रत शोधा

एकाच क्रमांकाच्या तबकडीच्या शेकडो प्रती निघाल्या आणि प्रत्येक प्रत वेगळ्या घरात वाजली. ग्रामोफोनची पोलादी पिन दर बाजूला बदलायची असे. ती बदलायचा कंटाळा केला, की पिन खाचेच्या भिंती कोरत जाई. त्यामुळे एका प्रतीची सुरुवात झिजलेली असते, दुसरीचा शेवट. आतल्या वर्तुळांत खाच कमी लांबीची असते, तेवढ्याच वेळाचा आवाज तिथे दाटीवाटीने बसलेला असतो, म्हणून शेवटाची विकृती जास्त त्रास देते. दोन प्रती मिळाल्या तर पहिली दोन मिनिटं एकीची आणि उरलेलं दुसरीचं घेऊन सांधता येतं.

प्रत विकत घेण्यापूर्वी ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघा. खाचा चकचकीत काळ्या दिसल्या तर आशा आहे. जिथे गायकाने आवाज चढवला त्या पट्ट्यावर करडी झाक असेल, तर तिथल्या भिंती खरवडल्या गेल्या आहेत. वरवरचा आडवा ओरखडा दिसायला भयंकर असतो, पण तो पुढे काढता येतो. ही करडी झाक काढता येत नाही.

नंतरच्या काळात निघालेल्या एलपीवरून किंवा कॅसेटवरून जुनं गाणं घेण्याचा मोह होतो, कारण तिथे खरखर कमी असते. ती कुणीतरी आधीच कमी केलेली असते आणि तिच्याबरोबर काय गेलं ते आपल्याला कळायला मार्ग नसतो. शक्य तितकं मूळ तबकडीपर्यंत जा. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था संग्राहकांना एकत्र आणत आली आहे. एखादी बाजू कुठेच मिळत नाही म्हणून निराश होण्याआधी संग्राहकांना विचारावं. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात पाठवायची ठरली, तेव्हा ती बाजारात मिळेनाशी झाली होती. शेवटी ती सापडली न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात.

२. धुण्यात घाई नको

७८ ची तबकडी लाखेची. लाखेत दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळून ती दाबलेली असते. सुतार लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतो हे ज्याने पाहिलं आहे, त्याला पुढचं सांगायला नको: लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावायचं नाही. एलपी पुसायच्या बाटल्यांत ते बहुधा असतं. एलपीला ते चालून जातं, लाखेला नाही.

मी डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकते. मऊ, दाट केसांचा ब्रश खाचेच्या दिशेने, गोल फिरवते. आडवा ब्रश मारला तर घाण खाचेवरून उड्या मारत जाते, आतून निघत नाही. लेबल कोरडं ठेवायचं, कारण पुढे लागणारी निम्मी माहिती त्याच्यावर असते. मग स्वच्छ पाणी, लगेच टिपून घेणं आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबणं. पहिल्या धुण्यात पाणी चहासारखं तांबूस होतं. ते वर्षानुवर्षांच्या धुळीचं आणि पिनांच्या चुऱ्याचं पाणी असतं. धुण्याआधी आणि धुतल्यानंतर तीच बाजू वाजवून बघा. खरखरीतली जी जाड, दाणेदार किरकिर असते, तिचा बराच भाग पाण्याबरोबर गेलेला ऐकू येईल, आणि गाण्याला धक्काही लागलेला नसेल.

तबकडीचा पृष्ठभाग लाखेसारखा कडक न वाटता रंगाच्या थरासारखा वाटला, त्यावर पांढरट तेलकट थर आला असेल किंवा तडे गेले असतील, तर थांबा. ती एकेक करून कापलेली लॅकर तबकडी असू शकते. तिची दुसरी प्रत जगात नसते. तिला पाणी लावण्याआधी जाणकाराला दाखवा.

३. सुई बदलून बघा

एलपीची सुई ७८ च्या खाचेत टेकवली, की ती तळाशी जाऊन बसते. तळात असतो कचरा. आवाज असतो भिंतींवर. ७८ साठी सुईचं टोक एलपीच्या सुईच्या तिपटीच्या आसपास रुंद लागतं, साधारण ०.०६ ते ०.०९ मिलिमीटर. एकच सुई सगळ्या तबकड्यांना पुरत नाही. जुन्या पिनेने भिंत एका ठरावीक उंचीवर झिजवलेली असते. थोडी रुंद सुई त्या झिजेच्या वर चालते, थोडी अरुंद सुई खाली चालते, आणि तिथे कधीकधी जवळजवळ न वाजलेली भिंत सापडते. सुई बदलल्यावर तीच तबकडी दुसरी वाटावी इतका फरक पडलेला मी पाहिला आहे. तेवढा फरक नंतर कुठल्याच प्रक्रियेने पडत नाही.

स्टीरिओ कार्ट्रिज वापरलं तर आणखी एक सोय होते. ७८ चा आवाज सुईच्या डाव्या-उजव्या हालचालीत असतो. वर-खाली हालचालीत निव्वळ गोंगाट असतो. दोन्ही वाहिन्यांची बेरीज केली, की तो वर-खालीचा गोंगाट आपोआप कटतो. एखाद्या तबकडीची एकच भिंत खराब असेल, तर फक्त चांगल्या भिंतीची वाहिनी घ्यायची.

मधलं भोक नीट मध्यावर आहे की नाही तेही बघा. तबकडी फिरताना सुईचा दांडा डावी-उजवीकडे डोलत असेल, तर भोक सरकलेलं आहे. मग दर फेऱ्याला सूर किंचित वर-खाली होतो. लावलेला षड्ज असा हेलकावे खायला लागला, की ऐकणाऱ्याला गायकच बेसूर वाटतो. तबकडी हाताने सरकवून मध्य गाठणं हा दोन मिनिटांचा उद्योग आहे.

४. वेग ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका

७८ हा आकडा नंतर स्थिरावला. सुरुवातीच्या तबकड्या सत्तरच्या घरातही कापल्या गेल्या, ऐंशीच्या वरही. फरक किती पडतो? वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे ७८ च्या जागी ८२-८३ झाला, की सगळं गाणं पेटीच्या एका पट्टीने वर जातं. काळी दोनचं गाणं पांढरी तीनमध्ये ऐकू येतं. लय वाढते, तान जास्त तयार वाटते, खर्जातला भरीवपणा जातो. एखाद्या बाईंचा आवाज बालिश होतो, एखादे बुवा नाकात गाताहेत असं वाटतं. पुढची पिढी त्याच चुकीच्या आवाजावरून त्यांच्याबद्दल मत बनवते.

माझ्या टेबलावर एक पेटी कायम उघडी असते. तबकडीत पेटीची साथ असेल तर काम सोपं होतं, कारण साथीच्या पेटीचे स्वर कुठल्यातरी पट्टीवर बसलेच पाहिजेत. मी षड्ज धरते, मग ७६, ७७, ७८ असं पुढे जात तो पेटीशी जुळतो का ते बघते. जुन्या पेट्या आजच्या मापाने थोड्या चढ्या-उतऱ्या असू शकतात, म्हणून तेवढ्यावर निर्णय घेत नाही. त्याच बैठकीतली दुसरी बाजू, त्याच गायकाची त्या वर्षांतली इतर मुद्रणं, शब्दोच्चाराचा स्वाभाविक वेग, तबल्याच्या बायाचा घुमारा, या सगळ्यांची साक्ष काढते. बाजूच्या सुरुवातीचा आणि शेवटचा षड्ज एकच आहे का तेही तपासते. दोन वेगांपैकी कुठला खरा हे ठरत नसेल, तर दोन्ही शक्यता नोंदवून ठेवते.

वेगाचं महत्त्व पटवायला जगातलं सगळ्यात जुनं उदाहरण पुरेसं आहे. एदुआर-लेओं स्कॉट द मार्तांविल या फ्रेंच माणसाने १८६० साली काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या लहरी रेखाटल्या होत्या. २००८ मध्ये संशोधकांनी त्या रेघांवरून आवाज पुन्हा निर्माण केला. तेव्हा तो एखाद्या मुलीचा किंवा बाईचा वाटला. पुढच्या वर्षी उलगडा झाला: वेग दुप्पट धरला गेला होता. निम्म्या वेगाने वाजवल्यावर तिथे एक पुरुष सावकाश गाताना ऐकू आला, बहुधा स्कॉट स्वतःच.

५. पहिली नोंद जशीच्या तशी ठेवा

तबकडीवरून किंवा टेपवरून जे पहिल्यांदा संगणकात येतं, त्याला काहीही करायचं नाही. खरखर, टकटक, विजेची गुणगुण, सगळं त्यात राहू द्यायचं. २४ बिट, शक्यतो ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचीही हीच शिफारस आहे. स्वच्छ करायची ती तिची प्रत.

याचं कारण भविष्यात आहे. १९७६ साली संशोधक थॉमस स्टॉकहॅम यांनी संगणकाच्या मदतीने गायक एन्रिको कारुसोच्या जुन्या तबकड्यांमधून कर्ण्याचा घुमा काढून दाखवला, तेव्हा ते अद्भुत वाटलं होतं. तेच काम आज अधिक नाजूकपणे होतं. उद्या आणखी चांगलं होईल. उद्याच्या माणसाला आपली स्वच्छ केलेली प्रत उपयोगाची नसते, त्याला कच्चा माल हवा असतो. शिवाय ज्याला आपण गोंगाट म्हणतो त्यात खुणा असतात. टेपवर उमटलेली विजेची गुणगुण आपल्याकडे ५० हर्ट्झच्या आसपास यायला हवी; ती ५२ ला दिसली, तर टेप जलद वाजते आहे हे लगेच कळतं. गुणगुण आधीच पुसून टाकली असती, तर ही खूण गेली असती.

६. कर्णा आणि मायक्रोफोन यांना एकच माप लावू नका

नोव्हेंबर १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग यांनी कलकत्त्यात गोहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या हवेच्या दाबानेच सुई मेणावर रेघ ओढायची. अशा मुद्रणात साधारण दोनशे हर्ट्झच्या खालचं आणि अडीच-तीन हजारांच्या वरचं फारसं काही उतरत नसे. १९२५ मध्ये विजेवरचं मुद्रण आलं आणि वरची मर्यादा पाच-सहा हजारांपर्यंत गेली. म्हणून १९०८ ची तबकडी आणि १९३५ ची तबकडी समोर आली, तर त्यांच्याकडून मागायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

आजच्या फोनो प्रीअँपमध्ये १९५४ साली ठरलेली आरआयएए ही स्वरांचा समतोल ठरवणारी वक्ररेषा बसवलेली असते. ती एलपीसाठी आहे. तिच्यातून जाताना १० किलोहर्ट्झचा आवाज जवळजवळ १४ डेसिबलने खाली येतो आणि खालचे स्वर फुगतात. ७८ ची तबकडी तशीच तिच्यातून वाजवली, की लोक म्हणतात, जुनं मुद्रण आहे, आवाज दबलेलाच असणार. तो दबलेला नसतो, आपण दाबलेला असतो. वक्ररेषा काढून टाकून किंवा त्या काळाला जुळणारी लावून बघा. शब्द एकदम पुढे येतात.

कर्ण्याच्या मुद्रणात ठरावीक जागी आवाज पत्र्यासारखा वाजतो. तो कर्ण्याचा स्वतःचा घुमा. तेवढ्याच अरुंद पट्ट्यात थोडं कमी केलं, की नाकातला आवाज छातीत उतरतो. पण तीन हजारांच्या वर जिथे काही मुद्रितच झालेलं नाही, तिथे वाढवून काही मिळत नाही. वाढते ती फक्त खरखर.

७. तंबोऱ्याला गोंगाट समजू नका

आता संगणक. क्रम महत्त्वाचा: आधी टकटक, मग बारीक चुरचुर, मग विजेची गुणगुण, सगळ्यात शेवटी हिस. टकटक राहिली असताना हिस काढायला गेलं, तर प्रत्येक टकटकीभोवती पाण्याच्या बुडबुड्यांसारखा आवाज तयार होतो.

आपल्या संगीताच्या बाबतीत खरी अडचण याच्या पुढे आहे. ही साधनं बहुतेक पाश्चात्त्य संगीत आणि भाषणं समोर ठेवून घडली आहेत. त्यांची समजूत अशी, की जे सतत एकसारखं चालू असतं तो गोंगाट, आणि जे अचानक टोकदार येतं ती टकटक. तंबोरा सतत एकसारखा चालू असतो. तबल्याच्या किनारीवरचा ‘ना’ अचानक टोकदार येतो. अभंगातला टाळही तसाच. ‘स’, ‘श’, ‘च’ ही व्यंजनं तर हिसच्याच पट्ट्यात राहतात. म्हणजे यंत्राच्या मर्जीवर सोडलं, तर ते तंबोरा पुसतं, तबल्याची किनार बोथट करतं, टाळ गिळतं आणि गायिकेला बोबडी करतं. एवढं करून उरलेला आवाज अतिशय स्वच्छ असतो. त्या स्वच्छतेला लोक भुलतात, याचं मला वाईट वाटतं.

जुन्या मुद्रणात तंबोरा मुळातच पुसट असतो. कधी तो जाणवतो एवढंच. पण त्या पुसट जवारीवर गायकाचा षड्ज टेकलेला असतो. ती काढली, की सूर हवेत लोंबकळतो. ऐकणाऱ्याला काय गेलं ते सांगता येत नाही, पण गाणं कोरडं झालेलं कळतं. म्हणून गोंगाटाचा नमुना मी कधीही गाण्याच्या सुरुवातीच्या तंबोऱ्यावरून घेत नाही. तबकडीच्या शेवटच्या रिकाम्या खाचेत, गाणं संपल्यावर जी निव्वळ खरखर असते, तिथून घेते. हिस सहा डेसिबल कमी झाली तरी पुष्कळ झालं. उरलेल्या खरखरीची सवय कानाला अर्ध्या मिनिटात होते. बोबड्या शब्दाची सवय मात्र कधीच होत नाही.

मोठ्या टकटकी मी हातानेच काढते. लहरीचं चित्र मोठं करून बघितलं, की ओरखड्याची टकटक सरळसोट काट्यासारखी दिसते, आणि तबल्याच्या थापेमागे नाद विरत जाताना दिसतो. यंत्राला हा फरक नेहमी कळत नाही, माणसाला कळतो.

८. काढलेलं ऐका

सगळ्या बोलांतला एकच ठेवायचा असेल तर हा ठेवा. स्वच्छ केलेल्या आवाजाइतकंच, काढून टाकलेलं काय आहे ते ऐका. जवळजवळ प्रत्येक साधनात त्यासाठी एक बटण असतं. मूळ आवाजातून स्वच्छ आवाज वजा केला, की उरतो तो काढलेला ऐवज.

एका अभंगाच्या तबकडीवर काम करताना मी तो ऐवज वाजवला. खरखर होती, ओरखडे होते, आणि त्या खरखरीत टाळ लयीत वाजत होता. त्याच्या मागे, अगदी बारीक, गायकाचे ‘स’ एकामागून एक येत होते. शब्द नव्हते, सूर नव्हते, फक्त व्यंजनांच्या कडा. तेव्हाच प्रमाण कमी करत आणलं. थोडं कमी केल्यावर व्यंजनं परत गाण्यात गेली, आणखी कमी केल्यावर टाळ गेला. काढलेल्या ऐवजात नुसती खरखर उरली, तिथे थांबले. काढलेल्या आवाजात लय किंवा सूर ऐकू यायला लागला, की हद्द ओलांडली. ही कसोटी कुणालाही लावता येते, तिला महागडं यंत्र लागत नाही.

दुसरी कसोटी माणसांची. त्या घराण्यात शिकलेल्या, कान तयार असलेल्या कुणाला तरी दोन्ही प्रती ऐकवा आणि कुठली कोणती हे सांगू नका. गाणारी माणसं गोंगाटाकडे फारसं लक्ष देत नाहीत. ती श्वासाची जागा, मींड कुठे सुटली, आकार किती मोकळा आहे हे ऐकतात. त्यांनी जास्त खरखरीची प्रत निवडली, तर त्यांचं ऐकावं.

९. नसलेलं घालू नका

कृत्रिम घुमारा, एका वाहिनीच्या मुद्रणाला ओढूनताणून केलेला स्टीरिओ, नव्याने वाजवून मागे टाकलेला ठेका, मोबाइलवर मोठं वाजावं म्हणून सगळे स्वर एकाच उंचीवर दाबणं: हे सगळं करता येतं आणि विकलंही जातं. बालगंधर्वांच्या गाण्यात हळू म्हटलेली जागा हळूच ऐकू यायला हवी. ती उचलून मोठी केली, की त्यांनी ठरवलेला अर्थच बदलतो. गायकाने केलेली निवड आपण फिरवायची नाही.

आता आवाज आणि वाद्यं वेगळी करणारी यंत्रं आली आहेत. २०२३ साली बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ हे गाणं निघालं, त्यात जॉन लेननचा आवाज घरगुती कॅसेटवरच्या पियानोपासून असाच सोडवलेला होता. काम सुंदर झालं आहे. आपल्याकडे मात्र सारंगी आणि पेटी गायकाच्या सावलीसारखी मागे चालतात, त्याच स्वरांवर, त्याच मींडेवर. यंत्र सारंगीचा तुकडा गळ्याला जोडतं आणि गळ्याचा तुकडा सारंगीला. अशा वेळी जे ऐकू येतं, ते त्या दिवशी कुणीच गायलेलं नसतं. अभ्यासासाठी असं वेगळं करून ऐकायला हरकत नाही. प्रसिद्ध करायचं असेल, तर काय केलं ते सोबत स्पष्ट लिहा.

१०. आधी टेप, मग तबकडी

लाखेची तबकडी पडली नाही तर टिकते. शंभर वर्षांपूर्वीच्या तबकड्या आजही वाजतात. टेपचं तसं नाही. म्हणून घरात दोन्ही असतील, तर टेप आणि कॅसेट आधी हाती घ्या.

१९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत असं प्रसारित झालं, तेव्हा ती ५६ गीतं वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. बहुतेक घरांत पोचलं ते नंतरचं, सुधीर फडके यांनी एकट्याने गायलेलं. रेडिओवरचे ते पहिले आवाज पुढे ऐकायला मिळावेत, तर टेपच्या चुंबकीय थराची निगा राहायला हवी. घरोघरच्या खासगी मैफलींच्या कॅसेटचं तर दुसरं कुणी राखणदारच नाही.

जुन्या रिळाला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर त्याचा अॅसिटेटचा पाया कुजायला लागला आहे. ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि लवकरात लवकर उतरवून घ्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेप हेडला चिकटतात आणि किंचाळतात. त्या ठरावीक मंद उष्णतेवर काही तास ठेवून तात्पुरत्या वाजवण्याजोग्या करता येतात, पण ते जाणकाराचं काम. घरच्या ओव्हनमध्ये टेप ठेवू नका, आणि अॅसिटेटची तर कधीच नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कॅसेटवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट वाजवली, की बुरशी डेकमध्ये जाते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. टेपला दाबून धरणारी आतली छोटी फेल्टची गादी निखळली असेल, तर आवाज येतो-जातो. टेप दुसऱ्या कव्हरात घातली की काम होतं.

कॅसेटचा आवाज दबका येण्याचं नेहमीचं कारण हेडचा कोन असतं. ज्या यंत्रावर मुद्रण झालं, त्याचा कोन आणि आपल्या यंत्राचा कोन जुळत नाही, आणि वरचे स्वर मारले जातात. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. आवाज एका वाहिनीवर एकत्र करून, कॅसेट चालू असताना तो केसभर फिरवायचा आणि ‘स’ कडे कान ठेवायचा. एका जागी ‘स’ झटकन उजळतो, तंबोऱ्याची तार दिसावी तशी ऐकू येते. तिथे थांबायचं. ही गोष्ट टेप वाजत असतानाच करता येते. उतरवून झाल्यावर इक्वलायझरने वरचे स्वर वाढवले तर फक्त हिस वाढते.

११. आवाजाबरोबर माहिती जपा

सुरुवातीच्या तबकड्यांवर गाणं संपल्यावर गायिका स्वतःचं नाव सांगते. गोहर जान यांनी इंग्रजीत सांगितलेलं नाव प्रसिद्धच आहे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबल्या जात, तिथल्या लोकांना ओळख पटावी म्हणून ही पद्धत पडली. पुढे संकलनं काढताना ती घोषणा अनेकांनी कापली. कापू नका. गायिकेचा तेवढाच बोलण्याचा आवाज आपल्याकडे असतो.

लेबलजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक उतरवून घ्या. गाणं कुठल्या सत्रात झालं, आगेमागे कोण गायलं, हे त्यावरून लागतं, आणि वेग ठरवायलाही त्याची मदत होते. लेबलचा फोटो काढा. कुठली प्रत, कुठली सुई, कुठला वेग, काय काढलं, काय तसंच ठेवलं, हे सगळं फाइलसोबत लिहून ठेवा. हे लिहिलेलं असेल, तर पुढचा माणूस आपलं काम तपासू शकतो, पुढे नेऊ शकतो.

घरच्या कॅसेटसाठी हे जास्तच लागू आहे. माझ्याकडे येणाऱ्या कॅसेटवर पुष्कळदा नुसतं ‘मावशी, भजन’ एवढंच लिहिलेलं असतं. मावशी कोण, कुणाकडे शिकल्या, पेटीवर कोण होतं, कुणाच्या घरी, कुठल्या साली, मध्येच दाद देणारा आवाज कुणाचा? प्रत्येक वेळी हे प्रश्न विचारताना मला जाणवतं, की याची उत्तरं कुठल्याही सुईने मिळणार नाहीत. खाचेत आणि टेपवर जेवढं आहे, तेवढं मी काळजीने काढून देऊ शकते. उरलेलं घरातल्या मोठ्या माणसांना माहीत आहे. कॅसेट कुणाकडे तरी पाठवण्याआधी ती त्यांना ऐकवा आणि ते जे सांगतील ते तारखेसकट लिहून घ्या.